माझ्या नावावर दुसऱ्याच बाईने कर्ज काढलं! कागदपत्रं देताना तुम्ही काय काळजी घेता?

सायलीची_आई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. लांब होईल थोडं पण सगळं लिहिते, कारण हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे सहा महिने आणि एक फ्लॅट वाचला असता.

आम्ही मूळचे सांगलीचे, आता पुण्यात. मागच्या वर्षी गणपती झाल्यावर फ्लॅट पसंत केला, टोकन दिलं, होम लोनचा अर्ज टाकला, आमचा दोघांचा जॉइंट. चार दिवसांनी बँकेतून फोन, मॅडम तुमची दोन लोन थकीत दिसतायत. मी म्हणलं अहो माझं आयुष्यात एकही लोन नाही, क्रेडिट कार्डसुद्धा नाही, तुम्ही दुसऱ्या कोणाची फाईल बघताय. त्यांनी बोलावून माझ्या नावावरच्या कर्जांचा क्रेडिट रिपोर्टच समोर ठेवला. एक ३८,४०० चं मोबाइलसाठी हप्त्यांवर घेतलेलं, दुसरं ६०,००० चं कुठल्याशा ॲपवरून. नाव माझं, पॅन माझा, जन्मतारीख माझी. पत्ता सुरतचा आणि मोबाइल नंबर भलताच. मी सुरतला कधी पाऊल ठेवलेलं नाही.

होम लोन गेलं, टोकनचे निम्मे पैसे गेले. पहिल्या चौकीत नुसता अर्ज घेऊन पोच दिली, एफआयआर नाही. मग सायबरला गेले, तिथे आयटी कायद्याच्या ६६सी आणि ६६डी खाली गुन्हा दाखल झाला. दोन महिन्यांनी तपास करणाऱ्या साहेबांनी बोलावून मोबाइलवाल्या लोनचे कागद दाखवले, आणि ते बघून मला अक्षरशः घाम फुटला. फॉर्मवर फोटो दुसऱ्याच बाईचा, माझ्यापेक्षा लहान असेल, हसतीये. खाली माझ्या नावाची सही, तिच्या हातची. आणि जोडलेलं पॅनचं झेरॉक्स माझं, त्यावर निळ्या पेनने केलेली माझी खरी सही. ते झेरॉक्स मी बघताक्षणी ओळखलं कारण त्यावर बरोबर चेहऱ्यावरून एक काळी उभी रेघ आलीये. २०२१ ला भाड्याचं घर बदललं तेव्हा काढलेल्या प्रती होत्या त्या, मी दुकानदाराला म्हणलं पण होतं की चेहरा दिसत नाहीये, दुसरी काढून द्या, तो म्हणला चालतंय ताई. त्या रेघेमुळेच तर फोटो जुळतो की नाही हे कोणाला कळलं नसणार.

तीन प्रती काढल्या होत्या. एक एजंटला, एक घरमालकांना, एक भाडेकरू व्हेरिफिकेशनला. यातली कुठली बाहेर गेली, कोणाच्या हातून गेली, मला आजही माहीत नाही आणि म्हणून मी कोणाचं नाव घेत नाही. पण तिन्हींवर मी नुसती सही केली होती. कशासाठी दिली, कधी दिली, एक अक्षर लिहिलं नव्हतं. चार अक्षरं लिहिली असती तर तो कागद कर्जाला चालला नसता असं मला राहून राहून वाटतं.

आता विचारायचं असं की तुम्ही रोजच्या व्यवहारात नेमकं काय करता? शाळा, जिम, हॉटेल, गॅस, सिमकार्ड, सोसायटीचं गेट, सगळीकडे आधार मागतात. नाही म्हणायचं तरी कसं?

जुना_कॅशियर

ताई, वाचून वाईट वाटलं. मी ३४ वर्षं सहकारी बँकेत होतो, शेवटची काही वर्षं कर्ज विभागात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे रिपोर्ट. आपल्याकडे लोक सगळ्यालाच सिबिल म्हणतात पण लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या अशा कंपन्या चार आहेत, सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ पासून प्रत्येकीने तुम्हाला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. म्हणजे वर्षाला चार. त्यांच्या साइटवर गेलं की आधी पैशाचे प्लॅन समोर येतात, फुकटची लिंक खाली कुठेतरी बारीक अक्षरात असते, ती शोधायची. मी स्वतः दर तीन महिन्यांनी एकेकीकडून काढतो, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं आणि दमडी लागत नाही. बायकोचा पण काढतो, मुलांना पण काढायला लावतो. ज्यांनी कधी कर्ज घेतलेलं नाही त्यांनी तर आवर्जून काढावा, कारण त्यांना कळायला दुसरा मार्गच नसतो. थकलेल्या हप्त्याचे फोन त्या भलत्या नंबरवर जात असतात ना.

रिपोर्टमध्ये खाली चौकशांची यादी असते, म्हणजे कुठल्या बँकेने, फायनान्स कंपनीने कुठल्या तारखेला तुमचा रिपोर्ट मागवला. लोक स्कोअर बघून बंद करतात, मी आधी ती यादी बघतो. तुम्ही अर्ज केलेला नाही आणि तरी चौकशी दिसतेय म्हणजे कोणीतरी तुमच्या नावाने दार वाजवलंय. तसंच रिपोर्ट कोणी मागवला की एसएमएस किंवा ईमेल पाठवणं या कंपन्यांना आता बंधनकारक आहे, तेव्हा त्यांच्याकडे तुमचा आत्ताचा नंबर असू द्या.

चुकीची नोंद दिसली की त्याच साइटवर डिस्प्यूट म्हणजे हरकत टाकायची, फुकट असते. ती कंपनी स्वतः काही खोडत नाही, ज्यांनी कर्ज दिलं त्यांना विचारते. म्हणून कर्ज देणाऱ्याच्या नोडल ऑफिसरलाही (तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी) वेगळं पत्र पाठवा, एफआयआरची प्रत जोडून. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, एप्रिल २०२४ पासून हा नियम आहे. तरीही हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, वकील लागत नाही. चौकशीला १४४४८ नंबर आहे.

कोकणकडा_७७

आधारबद्दल लोक उगाच जास्त घाबरतात असं माझं मत आहे. नुसता बारा आकडी नंबर कळला म्हणून कोणी खात्यातून पैसे काढू शकत नाही. ओटीपी लागतो नाहीतर बोट लागतं.

जुना_कॅशियर

@कोकणकडा_७७, नुसत्या नंबराने नाही होत, हे अगदी बरोबर. पण ताईंच्या बाबतीत खात्यातून पैसे कुठे गेले? नाव गेलं. नंबर, जन्मतारीख, पत्ता, फोटो, सही, हे सगळं एकाच कागदावर एकत्र मिळतं तिथे धोका आहे. आधार नंबर गुप्त ठेवण्यापेक्षा ती पूर्ण प्रत इकडेतिकडे पडू न देणं महत्त्वाचं.

कोकणकडा_७७

पटलं काका. ताई, तुमचा त्रास कमी लेखायचा हेतू नव्हता.

नगरचा_झेरॉक्सवाला

ताई मी स्वतः झेरॉक्सचं दुकान चालवतो, बारा वर्षं झाली, तहसीलच्या समोर. ती काळी रेघ वाचून मला लाज वाटली खरं सांगतो, कारण काचेवर चरा पडला की आम्हीपण आठ आठ दिवस ढकलतो.

दुकानात काय होतं ते आतून सांगतो. लोक कागद व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि प्रिंट घेऊन जातात. माझ्या काउंटरच्या कॉम्प्युटरला व्हॉट्सॲप दिवसभर उघडं असतं आणि मध्यंतरी मी डाउनलोडचा फोल्डर बघितला तर त्यात चार वर्षांचे आधार, पॅन, पासबुकं, दाखले, साडेसहा हजार फायली. दुकानात दोन पोरं कामाला, कोणीही पेनड्राइव्ह लावून नेऊ शकलं असतं. त्याच रात्री बसून सगळं उडवलं. आता रोज शटर ओढायच्या आधी फोल्डर पण रिकामा आणि चॅट पण डिलीट. दुसरं म्हणजे खराब आलेल्या प्रती. तिरकी आली, अर्धी आली, की ती टेबलाखालच्या खोक्यात जाते आणि महिन्याने रद्दीत. त्या रद्दीचं पुढे काय होतं हे कोणी विचारत नाही. त्याच कागदात भेळ पण बांधून मिळते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मी आता फाडूनच टाकतो, चार तुकडे. आणि दिवसाला एकदोन जण तरी ओरिजिनल कार्ड काचेवरच विसरून जातात.

तर गिऱ्हाईकांनी एवढं करा. खराब प्रत मागून घ्या, ती तुमचीच आहे, आम्ही नाही म्हणत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलं असेल तर प्रिंट हातात आल्यावर तिथेच उभं राहून आमच्या समोर डिलीट करायला सांगा, आणि डाउनलोडमधून पण. आधारची पीडीएफ पासवर्डसकट पाठवतात, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, सगळ्यांचा त्याच पद्धतीचा असतो, तेव्हा पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि प्रतीवर लिहिण्याबद्दल. लोक कोपऱ्यात रिकाम्या जागी लिहितात, तो कोपरा झाकून परत झेरॉक्स काढता येतो. लिहायचं ते कार्डाच्या चित्रावरून आडवं लिहा, अक्षरं छापलेल्या मजकुरावर चढली पाहिजेत. फक्त नंबर आणि फोटो वाचता येईल एवढं बघा.

सायलीची_आई

दादा, तुम्ही कशाला लाज वाटून घेता, उलट एवढं आतलं मोकळेपणाने सांगितलंत. कोपरा झाकायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता मी असं लिहिते, "फक्त अमुक पत्त्यावरील भाडेकरारासाठी, तारीख अमुक, कर्ज किंवा सिमकार्डसाठी नाही".

माजलगावची_लेक

माझ्या वडिलांचं सांगते, ते गावी बीड जिल्ह्यात एकटे असतात. त्यांची ओळख म्हणजे त्यांचा अंगठा. गावात मशीन घेऊन येणारा माणूस होता, आधारवर पैसे काढून द्यायचा, बँक लांब असल्याने सगळे त्याच्याकडेच जायचे. एकदा अण्णांना २००० हवे होते, तो म्हणला अंगठा नीट उठला नाही, परत लावा. परत लावला. २००० हातात दिले. मी दिवाळीला गेले तेव्हा पासबुक भरून आणलं तर त्याच दिवशी २००० आणि मागोमाग १०,००० निघालेले. अण्णांना एसएमएस येतात पण वाचता येत नाहीत. असं तीन वेळा झालेलं, म्हणजे ३०,००० गेले. कापूस विकून ठेवलेले पैसे होते हो ते. माणूस तोवर गाव सोडून गेलेला.

मग कोणीतरी सांगितलं की आधारच्या साइटवरून किंवा एमआधार ॲपवरून अंगठा लॉक करता येतो. लॉक केला की कुठल्याच मशीनवर चालत नाही. मी लगेच केलं. पण मग रेशन अडलं! रेशन दुकानात अंगठ्याशिवाय धान्य देत नाहीत, अण्णा भर उन्हात परत आले. आता आमचं ठरलंय, रेशनच्या दिवशी अण्णा दुकानाच्या पायरीवर बसून मला फोन करतात, मी इकडून पुण्याहून काही मिनिटांसाठी अनलॉक करते, वेळ संपली की आपोआप परत लॉक. यासाठी आधारला माझा नंबर जोडून घ्यावा लागला, तो फॉर्म भरायला सेवा केंद्रात दोन खेपा झाल्या. त्याच साइटवर मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरला त्याची यादी पण दिसते, मी महिन्याला एकदा बघते. काही विचारायचं तर १९४७ ला फोन करता येतो, मराठीतपण बोलतात.

ज्यांचे आईवडील गावी आहेत त्यांनी पुढच्या वेळी गेल्यावर हे नक्की करून या. आणि त्यांना एवढं शिकवा की "परत लावा" म्हणला की आधी पावती माग.

जुना_कॅशियर

माजलगावच्या ताई, फार मोलाचं लिहिलंत. अंगठे नुसते मशीनवरूनच जातात असंही नाही. २०१८ ला तेलंगणात एका सिम विकणाऱ्याने जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे ऑनलाइन उतरवून रबरी ठसे बनवले होते आणि त्यावर सिम चालू केली होती. आपल्याच संमतीने कुठेतरी उठलेला ठसा असतो तो.

रिमझिम_ठाणे

सिमवरून आठवलं, सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता सरकारच्या संचार साथी साइटवर जाऊन बघा तुमच्या नावावर किती नंबर आहेत. आपला मोबाइल टाकायचा, ओटीपी, की यादी येते. माझ्या नावावर चार निघाले! एक माझा, एक सासूबाईंचा जो मीच घेतलेला, आणि दोन मला माहीतच नाहीत. विचार केल्यावर आठवलं की स्टेशनबाहेर छत्री लावून बसतात ना त्यांच्याकडून एकदा सिम घेतलं होतं आणि तोही म्हणला होता मॅडम फोटो नीट आला नाही, परत काढतो. प्रत्येक नंबरापुढे हा माझा नाही असं कळवायचा पर्याय असतो, दाबला, थोड्या दिवसांनी यादीतून गेले. एका माणसाच्या नावावर नऊ सिम चालतात, त्यामुळे दोनचार जास्त असले तरी कोणाला खटकत नाही. आणि त्या नंबरवरून कोणी कोणाला फसवलं तर पोलीस येणार आपल्याच दारात.

अजून एक, फोनची रेंज अचानक गेली आणि शेजारी बसलेल्याची त्याच कंपनीची आहे, तर "येईल थोड्या वेळात" म्हणत बसू नका. कोणीतरी तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलेलं असू शकतं, सगळे ओटीपी तिकडे जातात. माझ्या दिराच्या ऑफिसातल्या एकाचं असंच झालं शनिवारी संध्याकाळी, तो सोमवारी मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेला तोवर खातं साफ.

पणजीकर

आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. पाहुण्याचं ओळखपत्र बघणं आणि रजिस्टरला नोंद करणं आम्हाला भाग आहे, पण रिसेप्शनवरच्या मुलाने स्वतःच्या मोबाइलवर आधारचा फोटो काढायची काही गरज नसते, मी ते बंद केलं. मास्क्ड आधार दिलं तरी मी घेतो. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात, आधारच्या साइटवरून डाउनलोड करताना तो पर्याय निवडायचा. कोणी अडून बसलं तर ड्रायव्हिंग लायसन्स पुढे करा, बऱ्याच ठिकाणी चालतं.

डॅलसवाली_अनघा

इकडे अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबरचं अगदी असंच आहे. २०१७ ला इक्विफॅक्समधून चौदा कोटींहून जास्त लोकांची माहिती चोरीला गेली. त्यानंतर २०१८ पासून इथल्या अशा तिन्ही क्रेडिट रिपोर्ट कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीज फुकट झालं, म्हणजे मी स्वतः उघडल्याशिवाय माझ्या नावावर कोणी नवीन कर्जासाठी रिपोर्टच बघू शकत नाही. इथे नवीन आलेल्या आपल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच करायला सांगते, मुलांच्या नावाचं पण करून टाका म्हणते.

पण माझी काळजी तिकडची आहे. आई २०२३ ला गेली. तिचं आधार, पॅन, बँकेचं खातं, मोबाइल, सगळं तसंच पडलंय, कपाटात प्रती आहेत, कामवाल्या मावशींकडे किल्ली असते (त्या घरच्याच आहेत, त्यांच्यावर संशय नाही). गेलेल्या माणसाचं काय करायचं?

जुना_कॅशियर

अनघाताई, गेलेल्या माणसाची ओळख सगळ्यात सोपी, कारण तक्रार करायला कोणी नसतं. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत कळवा म्हणजे आधी खातं थांबेल, मग वारसाचं बघता येईल. आधारच्या साइटवर कुटुंबातल्या व्यक्तीचा मृत्यू कळवायची सोय जून २०२५ पासून आहे. पॅन परत करायला त्या त्या आयकर अधिकाऱ्याला पत्र द्यायचं, पण शेवटचं रिटर्न आणि रिफंड असेल तर ते झाल्यावरच. मोबाइल नंबर मात्र सगळ्यात शेवटी बंद करा, तोवर ओटीपीला लागतो.

पॅनवरून अजून एक सगळ्यांसाठी. आयकराच्या साइटवर वार्षिक माहितीपत्रक असतं, एआयएस म्हणतात, त्यात तुमच्या पॅनवर झालेले मोठे व्यवहार दिसतात. आणि जीएसटीच्या साइटवर पॅन टाकून शोधता येतं की त्या पॅनवर कुठे धंदा नोंदवलाय का. आमच्या एका खातेदाराच्या, शिंपी होता बिचारा, त्याच्या पॅनवर परराज्यात लोखंडाचा व्यापार निघाला होता. नोटीस आली तेव्हा कळलं.

कोकणकडा_७७

काका, आत्ता जीएसटीचं बघितलं, माझं काही नाही. बायकोचं बघतोय. संचार साथीवर मात्र एक अनोळखी नंबर निघाला, कळवलाय.

नवीन_सभासद_अमोल

मी काल रात्री लग्नपत्रिकेची फाईल समजून व्हॉट्सॲपवर आलेलं काहीतरी उघडलं, ॲप इन्स्टॉल झालं, आज सकाळपासून मला न मागता ओटीपी येतायत. काय करू?

रिमझिम_ठाणे

अमोल, आधी त्या फोनचं वायफाय आणि डेटा बंद करा, आत्ताच. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून नेटबँकिंग, यूपीआय, कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन, जितक्या लवकर तितके पैसे पुढे जायच्या आत गोठवता येतात. फोन रिसेट केल्याशिवाय त्यावरून बँकेचं काहीही उघडू नका, पण आधी त्या मेसेजचे आणि नंबरचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा.

जुना_कॅशियर

आणि बँकेला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्या. कितीचा भार तुमच्यावर येणार हे ठरवताना तुम्ही कधी कळवलंत हेही बघतात, म्हणून वेळेसकट नोंद हवी.

नवीन_सभासद_अमोल

बँकेत झालं, सगळं थांबवलं. ४,९९९ चा एकच व्यवहार गेलाय. १९३० ला दोनदा एंगेज लागला, तिसऱ्यांदा लागला, नोंद झाली. धन्यवाद, हात थरथरत होते.

सायलीची_आई

अमोल, बरं झालं लगेच विचारलंत.

माझं कळवते. कॅशियर काकांनी सांगितलं तसं दोघांच्याही नोडल ऑफिसरला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, एफआयआर, माझ्या खऱ्या सहीचे नमुने आणि भाडेकरार जोडून. मोबाइलवाल्यांनी ५०० च्या स्टॅम्पवर ॲफिडेव्हिट मागितलं, दिलं, आणि परवा नवीन रिपोर्ट काढला तर ते ३८,४०० दिसत नाहीये! मी तो रिपोर्ट तीनदा वर खाली केला. ॲपवाल्यांनी नुसतं "तपास चालू आहे" असं उत्तर दिलंय, ३० दिवस २२ तारखेला संपतायत, २३ ला लोकपालाकडे टाकणार, मसुदा तयार आहे. काका, टाकायच्या आधी इथे डकवते, एकदा नजर घालाल का?

जुना_कॅशियर

जरूर. नावं, नंबर, पत्ता खोडून मगच डकवा.